अधेली, पावली आणि आवाजाची शिडी

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मी पंचवीस हजार रुपये देऊन काडेपेटीएवढे एक यंत्र विकत घेतले. एका टोकाने ते मोबाइलला जोडायचे, दुसऱ्या टोकाला हेडफोन लावायचा, एवढेच त्याचे काम. घरच्यांना मी किंमत पाच हजार सांगितली. हा लेख म्हणजे काही अंशी त्या खोटेपणाची कबुली आहे आणि काही अंशी, ते यंत्र घेताना मी जे वाचले, ऐकले आणि मानले त्याची तपासणी आहे.

कारण संगीताचे होते. माझ्या वडिलांनी सत्तरच्या दशकात घरच्या बैठकींचे स्पूलवर ध्वनिमुद्रण करून ठेवले होते. गायक त्यांचे स्नेही. तानपुऱ्यावर बहुतेक वेळा वडील स्वतः. या स्पूलांचे काही वर्षांपूर्वी एका स्टुडिओतून डिजिटल रूपांतर करून घेतले. तेव्हापासून ते गाणे माझ्या फोनमध्ये आहे आणि तेव्हापासूनच मला वाटत आले की तानपुरा त्यात नीट बोलत नाही. तारा वाजतात, पण जवारी हरवली आहे. ती परत मिळवून देईल असे यंत्र मी शोधत होतो. शोधता शोधता ‘आर-टू-आर’ या नावाशी येऊन थांबलो.

शिडी कशी चालते

डिजिटल ध्वनिमुद्रण म्हणजे आकड्यांची माळ. सीडीवर एका सेकंदाला, प्रत्येक कानासाठी, ४४,१०० आकडे असतात. त्या आकड्यांपासून पुन्हा विजेची सलग लहर तयार करण्याचे काम ‘डिजिटल-टू-अ‍ॅनालॉग कन्व्हर्टर’ म्हणजे डॅक करतो. तो प्रत्येक फोनमध्ये असतोच. २०१६ मध्ये आयफोन ७ मधून हेडफोनचे भोक गेले, इतर कंपन्यांनीही हळूहळू तोच मार्ग धरला आणि डॅक फोनच्या बाहेर, वायरीच्या टोकाला येऊन बसला. आयफोनबरोबर मिळणाऱ्या त्या इवल्याशा पांढऱ्या जोडणीतही एक डॅक होता. छोट्या, खिशात मावणाऱ्या डॅकचा बाजार फोफावला तो त्यानंतर.

यातल्या शिडीच्या रचनेचे तत्त्व आपल्या आजी-आजोबांना शिकवावे लागले नसते. १९५७ पूर्वीचा रुपया सोळा आण्यांचा. अधेली आठ आण्यांची, पावली चार, चवली दोन, आणि मग एक आणा. प्रत्येक नाणे आधीच्याच्या निम्मे. या चार नाण्यांत शून्यापासून पंधरा आण्यांपर्यंतची कोणतीही रक्कम मोजून देता येते. कोणते नाणे ठेवायचे आणि कोणते उचलायचे एवढेच ठरवायचे. सीडीच्या आकड्यात अशी सोळा नाणी आहेत, म्हणून ६५,५३६ वेगवेगळ्या पातळ्या मिळतात. सर्वांत मोठे नाणे सर्वांत लहानाच्या ३२,७६८ पट असते.

इतक्या वेगवेगळ्या किमतींचे रेझिस्टर बनवणे जिकिरीचे. आर-टू-आर शिडीची युक्ती अशी की त्यात दोनच किमती लागतात : एक आर आणि दुसरी त्याच्या दुप्पट. त्यांची शिडीसारखी मांडणी केली की प्रत्येक पायरीवर विजेचा प्रवाह बरोबर अर्धा होत जातो. चोवीस पायऱ्यांसाठी एका कानामागे साधारण अठ्ठेचाळीस रेझिस्टर. कागदावर पेन्सिलीने काढता येईल आणि शाळेतल्या मुलाला समजेल अशी ही रचना आहे. माझ्यासारख्या माणसाला तिने मोहून टाकले ते आधी यामुळे, आवाजामुळे नंतर. आजच्या बहुतेक यंत्रांच्या आत काय चालते हे आपल्याला कळत नाही. इथे ते कळते, आणि कळलेल्या गोष्टीवर आपण जरा जास्तच विश्वास ठेवतो.

झिजलेली अधेली

शिडीतला दोषही नाण्यांच्याच हिशेबाने समजतो. सात आणे म्हणजे पावली, चवली आणि आणा. आठ आणे करायचे तर ही तिन्ही नाणी उचलून एकटी अधेली ठेवायची. पण अधेली झिजून साडेसहा आण्यांचीच उरली असेल तर? रक्कम वाढवायला गेलो आणि ती कमी झाली. मोठे नाणे किंचित चुकले की लहान नाण्यांची सगळी मेहनत वाया जाते.

आवाजात ही अदलाबदल नेमकी कुठे होते, हे महत्त्वाचे आहे. साध्या रचनेत ती होते लहरीच्या मधल्या रेषेवर, शून्याशी. प्रत्येक लहर ती रेषा ओलांडते. तारसप्तकातल्या जोरकस तानेत ही चूक तानेच्याच आवाजाखाली दबून जाते. पण मंद्रातला संथ आलाप, विरत जाणारी तानपुऱ्याची आस, शब्दाआधीचा श्वास, हे सगळे त्या रेषेच्या अगदी जवळ घडते. म्हणजे ज्या नाजूक जागांसाठी आपण शिडीकडे जातो, त्याच जागी साध्या शिडीची चूक सर्वांत उघडी पडण्याचा धोका असतो.

किती अचूकता हवी? सोळा पायऱ्यांच्या शिडीत सर्वांत मोठ्या नाण्याची चूक लहानात लहान नाण्याच्या निम्म्याच्या आत ठेवायची, तर ती ६५,५३६ मध्ये एक, म्हणजे सुमारे ०.००१५ टक्के असायला हवी. चांगला म्हणून विकला जाणारा रेझिस्टर ०.१ टक्के अचूक असतो. तेवढ्यावर दहा पायऱ्यांचा हिशेब कसाबसा जुळतो. ०.०१ टक्क्याचा घेतला तर तेरा. खोक्यावर ‘२४ बिट’ छापलेले असते, पण तो आकडा पायऱ्या किती ते सांगतो; त्या सारख्या उंचीच्या आहेत असे सांगत नाही. चोवीस बिटांत १ कोटी ६७ लाखांहून अधिक पातळ्या येतात.

यावर उपाय नाहीत असे नाही. अमेरिकेतल्या बर-ब्राउन कंपनीने पीसीएम-६३ आणि पीसीएम-१७०४ या चिपांमध्ये रेझिस्टर लेसरने तासून जुळवले. लहरीच्या वरच्या आणि खालच्या अर्ध्या भागांसाठी वेगळ्या शिड्या ठेवल्या, म्हणजे शून्याजवळ फक्त लहान नाणी हलतात आणि अधेलीला हात लावावा लागत नाही. फार हुशारीचे काम होते ते. पण तासून जुळवणे महाग पडते, आणि तिथेच शिडी हरली.

हार आणि पुनरागमन

सीडी १९८२ मध्ये आली. फिलिप्सच्या पहिल्या यंत्रात चौदा बिटांचा डॅक होता आणि नमुन्यांची गती चौपट करून त्याची उणीव भरून काढली होती. ‘आकडे कमी, गती जास्त’ हा विचार पुढे सगळ्यांनी उचलला. त्याची पूर्ण वाढलेली पद्धत म्हणजे डेल्टा-सिग्मा. तिच्यावरचा जपानी अभियंत्यांचा निबंध १९६२ मधला. ही पद्धत अधेली-पावली वापरतच नाही. हातात मोजकी, सारखी नाणी घ्यायची आणि ती सेकंदाला लाखो वेळा इतक्या वेगाने ठेवायची-उचलायची की सरासरी बरोबर यावी. त्यातून निर्माण होणारा गोंगाट गणिताने कानाच्या मर्यादेपलीकडे ढकलायचा. अचूक रेझिस्टरची गरजच उरत नाही, चिप स्वस्त होते. नव्वदच्या दशकात ध्वनिक्षेत्रातले बहुतेक काम हिने घेतले. बर-ब्राउन २००० मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सकडे गेली. तिच्या त्या नावाजलेल्या चिपा आता बनत नाहीत.

शिडी परत आणली ती छोट्या कारखान्यांनी, सुटे रेझिस्टर जोडून. डेन्मार्कची सोक्रिस, डेनाफ्रिप्स, होलो ऑडिओ यांची टेबलावर ठेवायची यंत्रे आधी आली. २०२१ मध्ये केयिनचे आरयू-६ आणि हायबीचे आरएस-६ आले. पहिले फोनला लावायचे डोंगल, दुसरे खिशातला प्लेअर. शिडी खिशात आली.

‘उबदार’ म्हणजे काय

या यंत्रांवरच्या लेखनात तीन विशेषणे पुन्हा पुन्हा भेटतात : नैसर्गिक, अ‍ॅनालॉगसारखा, उबदार. मराठीत लिहिणारेही हीच वापरतात. माझी पहिली तक्रार भाषेची आहे. आवाजाला गोलाई, घुमारा, धार, आस, जवारी असे शब्द आपल्याकडे असताना ‘उबदार’ची उसनवारी कशाला? यातला प्रत्येक शब्द काहीतरी ठराविक सांगतो. जवारी गेली म्हणजे वरचे उपस्वर गेले, हे तानपुरा लावणाऱ्या कुणालाही कळते. ‘उबदार’ मात्र कशालाही लागू पडतो, म्हणून खोडता येत नाही.

दुसरी तक्रार एका चित्राबद्दल आहे. डिजिटल लहर म्हणजे जिन्यासारखी खाचखळग्यांची, आणि शिडी तेवढी तिला सलग करते, असे चित्र सर्रास दाखवले जाते. वस्तुस्थिती उलटी आहे. शिडीतूनच आधी जिना बाहेर पडतो. त्याला सलग करते ती पुढची गाळणी. नमुने पुरेशा गतीने घेतले असतील तर मूळ लहर गणिताने पुरती परत मिळते, हे शॅननने १९४९ च्या निबंधात मांडले आहे आणि ते दोन्ही पद्धतींना सारखेच लागू आहे.

मग लोकांना फरक ऐकू येतो तो खोटा का? नाही. बऱ्याच शिडी-डॅकांमध्ये नमुन्यांची गती न वाढवता वाजवण्याची सोय असते. त्या पद्धतीत जिन्याच्या आकारामुळेच वरचे स्वर आपोआप दबतात : १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल, २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून थोडे अधिक. झांजांची धार बोथट होते, तबल्याच्या चाटीचा चटका कमी होतो. यालाच ‘मऊ’ आणि ‘नैसर्गिक’ म्हटले जाते. हा परिणाम खरा आहे आणि तो कुणाला आवडू शकतो. पण तो रेझिस्टरच्या प्रामाणिकपणाचा पुरावा नाही. फोनमधल्या ट्रेबलच्या बटणानेही त्याच्या बराच जवळ जाता येते.

सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांचे इथे स्मरण होते. श्रुतींवरचे त्यांचे पुस्तक १९१० चे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातला स्वर आणि मोजमाप त्यांनी शेजारी शेजारी ठेवले. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे खूप वाद झाले. पण कान आणि आकडा यांपैकी एकाला घराबाहेर काढावे असे त्यांना वाटले नाही. आजच्या चर्चेत नेमके तेच होते. एक बाजू आलेखाखेरीज काही मानत नाही, दुसरी आलेख पाहायलाच तयार नाही.

माझी परीक्षा

नवे यंत्र आले त्या रात्री मी वडिलांची बैठक लावली. अकराव्या मिनिटाला, समेनंतरच्या शांततेत, वडील हलकेच खोकले. हा खोकला मी पूर्वी कधीच ऐकला नव्हता. मी हेडफोन काढून बराच वेळ बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी भावाला फोन करून सांगितले, “अरे, बाबा ऐकू आले.”

काही आठवड्यांनी मुलीने विचारले, “बाबा, ते साध्या जोडणीतून ऐकू येत नाही का?” मी ऐकून पाहिले. येत होते. अकराव्या मिनिटाला, तितकेच स्पष्ट.

मग आम्ही रीतसर परीक्षा केली. एका बाजूला माझे यंत्र, दुसरीकडे हजारभर रुपयांची साधी डेल्टा-सिग्मा जोडणी. एकाच पट्टीचा सूर वाजवून मल्टिमीटरने दोन्हींची पातळी सारखी केली, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच ‘चांगला’ वाटतो. मुलीने नाणे उडवून क्रम ठरवायचा, मी पाठ करून ऐकायचे. एका नव्या, स्वच्छ तबलावादनाच्या ध्वनिमुद्रणात सोळापैकी बारा वेळा मी शिडी ओळखली. गती न वाढवण्याची सोय तेव्हा चालू होती. ती बंद केल्यावर ओळखणे थांबले. आणि वडिलांच्या बैठकीत, ती सोय चालू असतानाही, सोळापैकी आठ. म्हणजे नाणे उडवण्याइतकेच.

कारण उघड होते. शिडी जे वरचे स्वर मऊ करते ते त्या फायलीत नव्हतेच. ते कुठे गेले याचा शोध तेव्हा मी पहिल्यांदा घेतला. स्पूल अजून कपाटात होते. जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका जाणकारांकडे ते घेऊन गेलो. त्यांनी टेप चढवली, मिनिटभर ऐकले आणि स्क्रू-ड्रायव्हरने वाचणाऱ्या हेडचा कोन हळूहळू फिरवला. मुद्रणाच्या वेळचा कोन आणि वाचण्याच्या वेळचा कोन जुळला नाही तर वरचे स्वर नाहीसे होतात. स्टुडिओतल्या रूपांतरात तो जुळवलेलाच नव्हता. स्क्रू पाव फेराही फिरला नसेल. तानपुरा बोलू लागला. ते ओळखायला पाठ करून बसायची गरज नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या मुलीने मान वर केली.

सहा स्पूलांपैकी चार त्यांना पुन्हा उतरवता आले. दोनांचा थर सुटू लागला होता; यंत्रातून नेताना तपकिरी भुकटी पडत होती.

शिडीबद्दल माझे मत आता असे आहे. ती समजायला सोपी आणि जुळवायला कठीण अशी सुंदर रचना आहे, आणि ती आवडण्यासाठी हे कारण पुरेसे आहे. ती अधिक सत्य सांगते हा दावा मात्र टिकत नाही. खिशातल्या यंत्रात तर नाहीच. तिच्यावर लिहिणाऱ्यांनी निदान तीन गोष्टी सांगाव्यात : आवाजाची पातळी जुळवली होती का, गती वाढवण्याची सोय चालू होती की बंद, आणि हेडफोन कोणता. त्याशिवायची विशेषणे जाहिरातीच्या कामाची.

पुष्कळ मराठी घरांत स्पूल आणि कॅसेटी माळ्यावर पडून आहेत. ज्यांच्याकडे पंचवीस हजार असतील त्यांनी आधी ते खोके खाली काढावे. ते यंत्र मी विकलेले नाही. रोज वापरतो. घरच्यांना खरी किंमतही सांगितली आहे. त्यावर बायको एवढेच म्हणाली, की या पैशांत ते दोन स्पूल पाच वर्षांपूर्वी वाचले असते.