मेंदूची साक्ष आणि तज्ज्ञाचे मत

जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खूनखटल्यात आरोपींना दोषी ठरविताना मेंदूच्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. चंपादी रामन मुकुंदन यांनी विकसित केलेल्या या पद्धतीत आरोपी मौन असतो. त्याला प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवितात आणि लहरींवरून त्याचे ज्ञान ‘अनुभवजन्य’ की केवळ ऐकीव, हे ठरवितात. वादाचे मूळ या विशेषणातच आहे. चौकशीत वारंवार कानी पडलेले वाक्य व प्रत्यक्ष भोगलेला प्रसंग यांतील भेद लहरींत उमटतो, हेच तर सिद्ध व्हावयाचे होते! बंगळूरच्या निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील समितीने या पद्धतीस अशास्त्रीय ठरविले. तज्ज्ञ असे दोन्ही पक्षी होते. न्यायालयात मात्र एकाचे मत वस्तुस्थिती म्हणून वाचले गेले. १८७२ च्या पुरावा अधिनियमाच्या ४५ व्या कलमातील शब्द ‘मत’ हाच होता.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशी चाचणी घेणे घटनाविरोधी ठरविले. तो निर्णय प्रामुख्याने स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्कावर उभा आहे. शास्त्रीय मतैक्य त्याने घडत नाही. त्यासाठी तीच चाचणी इतरांनी, इतर प्रयोगशाळांत करून पाहावी लागते, आणि पुण्याच्या निकालापूर्वी नेमके तेच पुरेसे झाले नव्हते.