स्रोत : शासकीय आकडेवारी

परभणी जिल्ह्यातील एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो असताना नववीच्या एका गटाचा प्रकल्प वाचायला मिळाला. विषय होता दुष्काळ आणि स्थलांतर. १९९१ साली जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांहून अधिक, २००१ साली सव्वापंधरा लाखांच्या आसपास. म्हणजे दहा वर्षांत जवळजवळ सहा लाख माणसे जिल्हा सोडून गेली, असा निष्कर्ष काढला होता. तक्त्याखाली लिहिले होते, ‘स्रोत : शासकीय आकडेवारी’.

आकडे खरे होते. पण हलली होती ती माणसे नव्हेत, जिल्ह्याची सीमा. १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली हा वेगळा जिल्हा झाला. २००१ सालची हिंगोलीची लोकसंख्या पावणेदहा लाखांहून अधिक होती. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज केली तर ती २५ लाखांच्या पुढे जाते, म्हणजे चक्क वाढ! ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर खरेच आहे, पण ते या दोन आकड्यांतून दिसत नाही.

यातली खरी गंमत पुढेच आहे. २००१ च्या जनगणनेच्या तक्त्यांत १९९१ चे आकडे नव्या सीमांप्रमाणे जुळवून दिलेले आहेत. म्हणजे ‘परभणी, १९९१’ याचे दोन शासकीय आकडे आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. मुलांनी आकडा कोणत्या ग्रंथातून घेतला हे लिहिले असते, तर चूक पाच मिनिटांत सापडली असती.

दोष मुलांना देऊन भागणार नाही. ‘शासन’ नावाचा कोणी एक लेखक आहे आणि तो बोलला की विषय संपला, अशी समजूत आपण शिक्षक-संशोधकच पसरवतो. माझ्या स्वतःच्या प्रबंधात ‘महाराष्ट्र शासन’ एवढाच संदर्भ तीन ठिकाणी होता. कोणता विभाग, कोणता अहवाल, असे परीक्षकांनी विचारले तेव्हा मलाच आठवेना.

शासकीय कागद एकदाच छापून संपत नाही, त्याच्या आवृत्त्या होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची तात्पुरती लोकसंख्या ११,२३,७२,९७२ होती, अंतिम ११,२३,७४,३३३. फरक १,३६१ चा. एवढ्याने कोणाचा निष्कर्ष बदलणार नाही, हे मान्य. पैसेवारीचे तसे नाही. एकाच खरीप हंगामाची आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी अंतिम पैसेवारी जाहीर होते. एखाद्या गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या वर की खाली, हे या तीन टप्प्यांत बदलू शकते. नुसते ‘जिल्हाधिकारी कार्यालय, परभणी’ असे लिहिणाऱ्याने यांतली कोणती घेतली, हे वाचकाने कसे ओळखायचे?

गॅझेटियरचीही हीच कथा. परभणी जिल्ह्याचे गॅझेटियर १९६७ साली प्रसिद्ध झाले. त्यात हिंगोली, कळमनुरी, वसमत आहेत आणि पुढे १९८१ साली जालना जिल्ह्यात गेलेले परतूरही आहे. आज ते संगणकावर वाचता येते, म्हणून काही जण पाहिल्याची तारीख तेवढी देतात, १९६७ गाळतात. मग साठ वर्षांपूर्वीचे पीकक्षेत्र आजचे म्हणून निबंधात उतरते. नावांचेही तसेच. इथले कृषी विद्यापीठ १९७२ साली ‘मराठवाडा कृषी विद्यापीठ’ म्हणून स्थापन झाले, ‘वसंतराव नाईक’ हे नाव २०१३ साली जोडले गेले. १९८५ च्या अहवालावर जुनेच नाव द्यावे. नव्या नावाने ग्रंथालयात शोधणाऱ्याला तो सापडायचा नाही.

आणि नमुना हवा असेल तर तो शाळेच्या कपाटातच आहे. कोणताही शासन निर्णय काढून पाहा. आपण त्याच्या भाषेला नावे ठेवतो, बऱ्याचदा योग्यच ठेवतो. पण वर विभाग, क्रमांक, मंत्रालय, मुंबई आणि दिनांक असतो. खाली ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ म्हणून आधीचे निर्णय त्यांच्या क्रमांक-दिनांकासह क्रमाने दिलेले असतात. अलीकडच्या निर्णयांत शेवटी संगणकीय संकेतांकही असतो. तो टाकला की नेमका तोच कागद समोर येतो. त्या कागदाचा हवाला देताना मात्र आपण लिहितो, ‘शासनाच्या नियमानुसार’.