परक्या नगरीतील नवखा

प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार मराठीला नवा राहिलेला नाही. पंडिता रमाबाईंनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ १८८९ साली प्रसिद्ध केला. त्यानंतर या वर्गातील पुस्तकांची रांग कधी खंडित झाली नाही. तथापि यांपैकी बहुसंख्य पुस्तके मिटल्यावर आमच्या मनात एक प्रश्न उरतो. लेखकमहाशय ज्या दिवशी त्या परक्या शहरात उतरले, त्या रात्री त्यांस झोप लागली काय? राजवाड्याची लांबीरुंदी, पुलाच्या कमानी, संग्रहालयातील दालने यांची माहिती आपणांस यथास्थित मिळते. परंतु भाड्याची खोली कशी मिळाली, पहिला घास घशाखाली कसा उतरला, रस्ता चुकल्यावर कोणास विचारले, याचा पत्ता लागत नाही. रमाबाईंच्या ग्रंथाकडून ही अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. एका राष्ट्राची समाजरचना आणि तेथील स्त्रियांची स्थिती स्वदेशीयांपुढे मांडावी, हा त्यांचा हेतू होता. पण 'मी काय पाहिले' एवढेच सांगण्यास जे बसले आहेत, त्यांनी तो 'मी' कोठे दडविला?

आमचे म्हणणे असे की, परके शहर माणसास प्रथम कळते ते त्याच्या गरजांच्या वाटेने. याच्या समर्थनार्थ आम्ही दोन साक्षी काढतो. दोन्ही लंडनविषयीच्या आहेत, दोन्ही आशियातून गेलेल्या गृहस्थांच्या आहेत, आणि दोहोंच्या लंडनवासात अवघे बारा वर्षांचे अंतर आहे.

पहिली साक्ष महात्मा गांधींच्या 'सत्याचे प्रयोग' या आत्मकथेची. १८८८ सालच्या सप्टेंबरअखेर, वयाची एकोणीस वर्षे पुरी होत असता, गांधीजी विलायतेत उतरले ते पांढऱ्या फ्लॅनेलच्या कपड्यांत. आणि तसा पोशाख केलेले तेथे आपण एकटेच आहोत हे पाहून ओशाळले. सामान हाती यावयास सोमवार उजाडावा लागणार होता. पुढे रात्री अंथरुणावर पडून आईच्या आठवणीने अश्रू ढाळले, हेही त्यांनी लपविलेले नाही. मांस न खाण्याचे वचन मातोश्रींना दिलेले. बिऱ्हाडी मिळणाऱ्या पावाच्या दोन-तीन तुकड्यांनी पोट भरेना, आणि आणखी मागावयाची लाज वाटे. घरमालकिणीच्या मुली आग्रहाने एखादा तुकडा अधिक वाढीत. पण भूक होती अख्ख्या पावाची. शहरात शाकाहारी भोजनगृहे आहेत, हे त्यांस घरमालकिणीकडूनच कळले. मग हा तरुण रोज दहा-बारा मैल पायपीट करू लागला आणि एके दिवशी फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यास हवे ते भोजनगृह सापडले. दारापाशी काचेआड विक्रीस ठेवलेले हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील पुस्तक त्याने एक शिलिंग देऊन घेतले आणि मग तो जेवावयास बसला. विलायतेत आल्यापासूनचे ते पहिले पोटभर जेवण.

या प्रकरणांत लंडनच्या इमारतींचे वर्णन जवळजवळ नाही. तरीही त्या वेळचे लंडन आपण पाहिले, असे वाचकास वाटते. याचे कारण उघड आहे: येथे शहराचा नकाशा भुकेने काढलेला आहे. मात्र एक उणीव दाखविणे टीकाकार म्हणून आमचे कर्तव्य आहे. ही आत्मकथा १९२५ पासून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. म्हणजे लंडनच्या त्या दिवसांवर सुमारे तीन तपे लोटली होती. त्यामुळे गांधीजींच्या लंडनमध्ये प्रत्येक गल्लीच्या टोकाशी काही ना काही बोध उभा असतो. भुकेतून व्रताचे समर्थन निघते, उधळपट्टीतून जमाखर्चाची शिस्त निघते. नवख्याचे बहुतेक दुःख इतके फलदायी नसते.

हे निष्फळ दुःख पाहावयाचे तर दुसऱ्या साक्षीकडे वळले पाहिजे. जपानचे थोर कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांस १९०० साली त्यांच्या सरकारने इंग्रजीच्या अध्ययनासाठी लंडनला धाडले. वय तेहेतीस, व्यवसाय इंग्रजीच्या अध्यापकाचा. सरकारी वेतन तुटपुंजे; केंब्रिजचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. दोन वर्षांत त्यांनी पाच बिऱ्हाडे केली. पुस्तके विकत घ्यावी, खोलीत कोंडून घेऊन वाचावी, हाच क्रम. त्यांस वेड लागल्याची वार्ता स्वदेशी पोहोचली होती. ही दोन वर्षे आपल्या आयुष्यातील सर्वांत अप्रिय वर्षे होत, असे त्यांनी १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या वाङ्मयविषयक ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले.

या वास्तव्यातून 'लंडन टॉवर' (१९०५) ही छोटी कृती जन्मास आली. तीस कथा म्हणावे की निबंध, हे ठरविणे कठीण. आरंभी नकाशा हाती धरून, गाड्यांना बिचकत, वाटसरूंना आणि पोलिसांना विचारीत चाललेला एक परदेशी आपणांस भेटतो. थेम्सकाठच्या त्या पुरातन किल्ल्यात पाऊल टाकताच त्याच्या डोळ्यांपुढे राजबंदी, वध, विलाप यांची मालिका उभी राहते. कावळ्यांकडे पाहत उभी असलेली एक स्त्री त्यास गूढ भासते. दिसतात तीन, आणि ती सांगते पाच. भारावलेल्या मनाने तो बिऱ्हाडी परततो आणि घरमालकास सर्व सांगतो. घरमालक शांतपणे उत्तरतो की, ते कावळे मुद्दाम पाळलेले असून त्यांची संख्या नेहमी पाचच राखतात! टॉवरविषयी पुन्हा कोणाशी बोलावयाचे नाही आणि तेथे पुन्हा जावयाचेही नाही, असा निश्चय करून लेखक रजा घेतो.

आमच्या मते हा शेवट अत्यंत प्रामाणिक आहे. नवखा मनुष्य वाचलेले शहर बरोबर घेऊन जातो. राहते शहर त्याच्या हातून ते एका वाक्यात काढून घेते. या कृतीत दोष नाही असे नाही. सोसेकींच्या लंडनमध्ये माणसे सावल्यांसारखी वावरतात. गांधीजींना पाव वाढणाऱ्या त्या मुलींसारखे कोणी तेथे भेटत नाही. पण लेखकाने आपली फजिती झाकली नाही. घरमालकिणीच्या सांगण्यावरून सायकल शिकताना झालेल्या दुर्दशेवर १९०३ साली त्यांनी एक विनोदी लेखच लिहिला.

येथे आम्हांस एक कबुली देणे प्राप्त आहे. तीस वर्षांपूर्वी आम्हीही अध्ययनासाठी लंडनमध्ये एक वर्ष काढले. डिकन्सच्या कादंबऱ्यांमुळे तेथील गल्ल्या आपणांस पाठ आहेत, असा आमचा समज होता. पहिल्याच आठवड्यात खोलीतील विजेच्या मीटरात टाकावयाची नाणी संपली आणि आम्ही अंगात ओव्हरकोट घालून रात्रभर अंधारात बसलो. शेजारच्या दारावर थाप मारण्याचे धैर्य झाले नाही. मातोश्रींना मात्र दर आठवड्यास निळे हवाई पत्र जात असे. त्यांच्या पश्चात ती पत्रे ट्रंकेत सापडली. सेंट पॉलचा घुमट, ब्रिटिश म्युझियम, थेम्सवरील पूल—सर्व काही होते. त्या रात्रीविषयी एक अक्षर नव्हते. त्यांची उत्तरे आमच्यापाशी आहेत. बहुतेक प्रत्येकीच्या शेवटी एकच ओळ: 'जेवायला सोबत कोण असतं, ते लिहीत जा.' आमच्या एकाही पत्रात याचे उत्तर नाही. त्यांस काळजी वाटू नये, म्हणून आम्ही लिहिले नाही, अशी आमची समजूत होती. आज ती पत्रे वाचता वाटते की, आम्हांस आमची लाज झाकावयाची होती. आणि ती माउली वर्षभर काळजीतच राहिली.

आज मराठी घरांतील मुले दूरदेशी जातात आणि त्यांची छायाचित्रे क्षणार्धात घरी येऊन पोहोचतात. साधन बदलले, झाकण्याची सवय बदलली असे आम्हांस दिसत नाही. छायाचित्रातही पुतळा येतो, पूल येतो. रिकाम्या टेबलाचे चित्र कोणी धाडीत नाही. यापुढे प्रवासवर्णन लिहू इच्छिणाऱ्यांस, आणि त्याहूनही घरी पत्र लिहिणाऱ्यांस, आमची सूचना इतकीच की, घुमटाची उंची खुशाल द्यावी. पण जेवावयास सोबत कोण होते तेही लिहावे, आणि कोणी नसेल तर तसे लिहावे.