घास, संवाद आणि आत्मकथन : रॉजर ईबर्ट यांच्या आजारपणविषयक लेखनाची चिकित्सा

बीजसंज्ञा : आजारपणाचे आत्मकथन, गिळण्याचा विकार, भोजनसंस्कृती, रूपक

मराठीत 'गिळणे' या क्रियापदाचा अन्नाशी जेवढा संबंध आहे, त्याहून अधिक तो सोसण्याशी आहे. अपमान गिळला जातो, राग गिळला जातो, आवंढा गिळून माणसे पुन्हा कामाला लागतात. या समृद्ध लाक्षणिक व्यवहारात, गिळणे ही एक शारीरिक क्रिया आहे आणि ती कायमची बंद पडू शकते, ही साधी गोष्ट झाकली जाते. सुसान सोन्टॅग यांनी १९७८ मध्ये 'इलनेस अ‍ॅज मेटाफर' या ग्रंथात आजाराचे रूपक केल्याने रुग्णावर अर्थांचे ओझे पडते, असे प्रतिपादन केले. गिळण्याच्या विकाराबाबत मराठीत प्रश्न काहीसा उलटा आहे. येथे रूपक इतके रुळले आहे की विकारच दिसेनासा झाला आहे. अमेरिकन चित्रपटसमीक्षक रॉजर ईबर्ट (१९४२-२०१३) यांच्या लेखनाचा या दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

ईबर्ट हे १९६७ पासून 'शिकागो सन-टाइम्स' या दैनिकाचे चित्रपटसमीक्षक होते. समीक्षेसाठीचे पुलित्झर पारितोषिक त्यांना १९७५ मध्ये मिळाले आणि हा मान मिळविणारे ते पहिले चित्रपटसमीक्षक ठरले. २००२ मध्ये त्यांना थायरॉइडचा कर्करोग झाला, पुढे लाळग्रंथीवर शस्त्रक्रिया झाली आणि २००६ मध्ये जबड्याचा भाग काढावा लागला. त्यानंतर झालेल्या गंभीर रक्तस्रावाने पुनर्रचनेचा बेत कोसळला. नंतरचे प्रयत्नही फसले. खाणे, पिणे आणि बोलणे या तिन्ही क्रिया एकदमच गेल्या. मृत्यूपर्यंत सुमारे सात वर्षे पोटात थेट बसविलेल्या नळीवाटे पातळ पोषक द्रव घेऊन ते जगले आणि या काळात त्यांनी विपुल लेखन केले.

गिळण्याची क्रिया किती गुंतागुंतीची आहे, हे ती बिघडल्यावरच कळते. तोंडात घास तयार होतो, जीभ तो मागे लोटते, तेवढ्या क्षणापुरता श्वास थांबतो, श्वसनमार्ग झाकला जातो आणि घास अन्ननलिकेत उतरतो. या क्रमात क्षणाचीही चूक झाली तर अन्न फुफ्फुसाकडे जाते. पक्षाघातानंतर वा कंपवातात असा विकार जडलेल्या अनेकांना घट्ट खिरीपेक्षा साधे पाणी अधिक धोक्याचे असते, कारण ते वेगाने घरंगळते. 'निदान पाणी तरी घ्या' हा आपल्याकडील सर्वांत साधा पाहुणचारच अशा माणसाला सर्वांत अवघड जातो.

जानेवारी २०१० मध्ये ईबर्ट यांनी 'निल बाय माउथ' हा लेख लिहिला. रुग्णालयात खाटेवर लावल्या जाणाऱ्या 'तोंडावाटे काहीही देऊ नये' या सूचनेचेच ते शीर्षक आहे. खाता येत नसल्याचे दुःख होते का, या वाचकाच्या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर अनपेक्षित आहे : आता फारसे नाही. नळीवाटे पोषण मिळत असल्याने त्यांना भूक जाणवत नाही. आजाराच्या आरंभी मात्र एका थंडगार 'रूट बिअर'च्या पेल्याने त्यांना झपाटले होते. हे पेय लहानपणी वडिलांबरोबर घेतलेले होते, आणि त्याची आठवण काढताना पेल्याचा गारठा, वजन, पहिला घोट असे तपशील एकेक करून समोर येतात. चित्रपट पाहण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाची दृष्टी येथे चवीच्या सेवेला लागली आहे. चव स्मृतीतून पुन्हा उभी करता येते, हा लेखाच्या पूर्वार्धाचा आशय होय. मग हानी नेमकी कशाची? ईबर्ट यांच्या मते ती अन्नाची नसून सहभोजनाची आहे. जेवणाच्या टेबलावरचे विनोद, वाद, कुचाळक्या, जुन्या आठवणी यांना ते मुकले. घास आणि शब्द एकाच मुखातून जातात, आणि त्यांच्या बाबतीत दोन्ही वाटा एकाच वेळी बंद झाल्या. लेखाचे बळ या नेमकेपणात आहे; शोक कोठे करावा आणि कोठे करू नये, हे लेखक स्वतः ठरवितो.

आर्थर फ्रँक यांनी १९९५ च्या 'द वुंडेड स्टोरीटेलर' या ग्रंथात आजारपणाच्या कथनांचे तीन प्रकार कल्पिले आहेत : पूर्ववत होण्याचे, गोंधळाचे आणि शोधाचे. मराठी वाचकाला तिसरा प्रकार जवळचा वाटतो. डॉ. अभय बंग यांच्या 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' या पुस्तकाचे शीर्षकच आजाराला साक्षात्काराशी जोडते. याहून जुना भारतीय दाखला श्रीरामकृष्ण परमहंसांचा आहे. १८८६ मध्ये घशाच्या कर्करोगाने घास उतरेनासा झाला असता, देवीकडे मागणे करावे असा आग्रह नरेंद्राने धरला. शिष्यांच्या इतक्या मुखांनी तू जेवतोसच की, असे उत्तर देवीकडून मिळाल्याचे त्यांनी सांगितले. हा प्रसंग उदात्त आहे यात शंका नाही. पण सामान्य रुग्णाला तो पेलणारा नाही, आणि त्याच्यापुढे तो आदर्श म्हणून ठेवणे क्रूरपणाचे ठरू शकते. ईबर्ट या वाटेने जात नाहीत. इतरांच्या मुखाने आपण जेवतो, असे समाधान ते करून घेत नाहीत. इतर जेवतात आणि आपण त्यांच्यात नाही, एवढेच ते सांगतात. फ्रँक यांच्या तिन्ही चौकटींत हे कथन नीट बसत नाही. ते बरे होण्याची वाट पाहत नाही, कोसळत नाही आणि मोक्षही शोधत नाही.

तथापि ईबर्ट यांचा निष्कर्ष जसाच्या तसा मराठी संदर्भात आणता येणार नाही. त्यांच्या भोजनाचा प्राण संभाषण आहे. जेवताना मौन पाळावे असा दंडक असलेली परंपरा आपल्याकडे आहे. पंगतीचा प्राण बोलण्यापेक्षा वाढण्यात आणि आग्रहात असतो. उष्टावणापासून अखेरच्या गंगाजलापर्यंत मुखात काहीतरी घालणे हाच नात्याचा व्यवहार असतो. लग्नातही वधूवर एकमेकांना घास भरवितात. अशा घरात घास उतरेनासा झाला की जेवणाऱ्याइतकीच वाढणारी व्यक्ती, बहुधा पत्नी वा आई, हतबल होते. भारतीय पुरुषांत मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि तंबाखू हे त्याचे प्रमुख कारण आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. शस्त्रक्रिया व किरणोपचारांनंतर नाकातली नळी घेऊन घरी परतणाऱ्या माणसाचे आणि त्याच्या ताटाशी बसणाऱ्या स्त्रीचे अनुभवविश्व ईबर्ट यांच्या चौकटीत पुरेसे मावत नाही.

याच ठिकाणी त्यांच्या लेखनाची मर्यादाही दिसते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'लाइफ इटसेल्फ' या आत्मचरित्रात पत्नी चॅझ यांच्याविषयी कृतज्ञतेचे स्वतंत्र प्रकरण आहे. पण नळी स्वच्छ करणे, लाळ व कफ ओढून काढणे हे रोजचे काम त्या गद्यात जवळजवळ अदृश्य राहते. ईबर्ट यांची शैली प्रसन्न आहे आणि ही प्रसन्नताच काही गोष्टी दाराबाहेर ठेवते. २०१० मध्येच त्यांनी भात शिजविण्याच्या भांड्यावर एक पाककृतींचे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतः एक शीतही गिळू न शकणाऱ्या माणसाने ते लिहावे, हे धैर्याचे खरे, पण त्यातील खेळकर सुरामुळे वाचक लेखकाच्या देहाला विसरतो, हेही तितकेच खरे.

ही उणीव त्यांच्या गद्याने नव्हे, चित्रपटाने भरून काढली. स्टीव्ह जेम्स यांच्या 'लाइफ इटसेल्फ' (२०१४) या माहितीपटात रुग्णालयात ईबर्ट यांच्या घशातील कफ यंत्राने ओढून काढतानाचे दृश्य आहे. त्यांचा चेहरा वेदनेने आक्रसतो. हे पाहणे अवघड आहे. हे चित्रण झाल्यावर ईबर्ट यांनी दिग्दर्शकाला संदेश पाठवून, एरवी कोणीच न पाहणारी गोष्ट हाती लागली म्हणून आनंद व्यक्त केला. स्वतःच्या लेखात जे त्यांनी मांडले नव्हते, ते कॅमेऱ्यापुढे उघडे करण्यास त्यांची ना नव्हती. लेखणी आणि कॅमेरा यांच्यातील हे अंतर त्यांच्या चित्रपटसमीक्षेच्या संदर्भातही तपासण्याजोगे आहे.