पदवी, संसार आणि ‘जामखेड’

आपल्या कथा-कादंबऱ्यांत शिकलेली मुलगी बहुधा दोन ठिकाणी भेटते. शिकू द्या म्हणून अब्बांशी झगडताना, नाहीतर तलाकनंतर पोटापाण्यासाठी नोकरी शोधताना. या दोहोंच्या मध्ये पंधरा-वीस वर्षांचा संसार असतो. पदवीचे काय होते ते त्याच वर्षांत ठरते, आणि नेमकी तीच पाने आम्हाला कोरी दिसतात.

म्हणून डॉ. मेबल आणि डॉ. रजनीकांत आरोळे यांचे ‘जामखेड’ (१९९४) आम्ही वेगळ्या नजरेने वाचले. ग्रामीण आरोग्याचे पुस्तक म्हणून ते ख्यातकीर्त आहे. आम्ही त्यात एक संसार शोधला. दोघेही वेल्लोरला शिकलेले डॉक्टर. १९६० साली लग्न करतानाच खेड्यातल्या गरिबांसाठी काम करायचे, हे त्यांनी ठरवले. अमेरिकेत पुढचे शिक्षण घेऊन १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेडला त्यांनी आरोग्य प्रकल्प उभारला. १९७९चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. मेबलबाईंचे काम घरकामातून उरलेल्या वेळात बसवलेले नव्हते. लग्नाची बोलणीच त्या कामाची होती.

तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. रजनीकांत नगर जिल्ह्यातले, मेबलबाई जबलपूरच्या. इतक्या बरोबरीच्या संसारातही नवऱ्याच्या मुलुखात आली ती बाईच. शिवाय दोघांचा पेशा एक, ध्येय एक. नवरा आखातात, सासू अंथरुणाला खिळलेली आणि मूल दोन वर्षांचे, अशा घरातल्या एम.एस्सी. झालेल्या सुनेला हे उदाहरण पुरे पडत नाही.

मात्र जामखेडनेच एक वाट दाखवली आहे. तिथे गावोगावच्या, बहुतांशी अक्षरओळख नसलेल्या बायका आरोग्यसेविका झाल्या. आणि महिला मंडळांबरोबर पुरुषांची शेतकरी मंडळेही उभी राहिली. बाईने उंबरठा ओलांडायचा तर घरातल्या पुरुषांनाही बदलावे लागते, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो.

आपल्याकडे निकाह हा करार आहे, असे आपण अभिमानाने सांगतो. मेहरवर तासभर घासाघीस होते. मुलीच्या नोकरीचे, पीएच.डी.चे काय, हे मजलिसीत कोण विचारतो? निकाहनाम्यात अट घालता येते. ती अट घालणारी नायिका, ती अट निभावणारा किंवा मोडणारा नवरा, आणि त्यानंतरचे ते घर आपल्या लेखक-लेखिकांनी लिहावे. कोरी पाने तिथेच आहेत.