झाडीपट्टीच्या नाटकाचे पहिले पान : जाहिरात

झाडीपट्टीतील नाटकांवर आपल्या समीक्षकांचा ठरावीक आक्षेप असा की, ती बटबटीत असतात; विनोद कथानकाला सोडून धावतो आणि करुण प्रसंगाच्या ऐन भरात लावणी उभी राहते. आक्षेप निराधार नाही. परंतु दोष दाखविणे आणि दोषाचे कारण सांगणे या भिन्न गोष्टी असून, दुसरीवाचून पहिलीला अभ्यासाची प्रतिष्ठा लाभत नाही.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धानाची कापणी आटोपली, की गावोगाव रात्रभर चालणारी नाटके होतात. प्रयोग ठरविते गावचे मंडळ. ते नाटक कंपनीला ठरलेली रक्कम देते, तिकिटे विकते व चार पैसे उरण्याची आशा धरते. तेव्हा कंपनीचे खरे गिऱ्हाईक प्रेक्षक नसून मंडळ होय, आणि मंडळाला हवा असतो तो भरलेला मंडप.

एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ साली ‘क्रिस्टलायझिंग पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात जनसंपर्क-सल्लागाराच्या व्यवसायाची मांडणी केली. त्या व्यवसायाची कायमची व्यथा अशी की, गिऱ्हाईक मोल देते श्रमाचे आणि हिशेब मागते फळाचा. झाडीपट्टीत तेच घडते. मंडप भरणे हे पीकपाण्यावर, थंडीवर, शेजारच्या गावी त्याच रात्री लागलेल्या प्रयोगावर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने शंकरपट बंद पडले, तेव्हा त्यांच्या जोडीने होणाऱ्या प्रयोगांचा आधार खचला. २०२० च्या साथीने तर हंगामच हातचा गेला. यांपैकी एकही गोष्ट नटाच्या वा लेखकाच्या स्वाधीन नाही. तथापि मंडप रिता राहिला, तर पुढील वर्षी बोलावणे येईल की नाही, ही चिंता मात्र त्यांचीच.

म्हणूनच जाहिरात हे या नाटकाचे पहिले पान समजावे. पुण्या-मुंबईचा नट, लावणी, हमखास हशा यांचे आश्वासन भिंतीवर आधी लागते. संहितेने मागाहून ते फेडावयाचे असते. रात्रीच्या हिशेबाने ‘नाईट’ घेणाऱ्या कलावंताला, हंगामापलीकडे कसलीही शाश्वती नसताना, “हे नृत्य येथे नको” असे म्हणण्याचे धैर्य कोठून यावे?

मात्र सारेच गिऱ्हाइकाच्या माथी मारणेही योग्य नव्हे. दंडार व खडी गंमत या प्रकारांत थट्टामस्करी पूर्वीपासून आहे. विनोदी पात्राचा मुक्त संचार हा या भूमीचा वारसा होय. विनोद वारशाने आला. चित्रपटगीतांवरील नृत्ये मात्र बहुधा मागणीने आली. या दोहोंना एकाच ‘बटबटीत’ शब्दात कोंबणारी समीक्षा वारशावर अन्याय करते आणि बाजाराला मोकळे सोडते. शिवाय त्याच दडपणाखाली एखादा लेखक हुंडा वा शेतकऱ्याचे कर्ज हा विषय प्रामाणिकपणे हाताळतो, तेव्हा त्याचे श्रेय दुणावते, हेही नोंदविले पाहिजे.

तात्पर्य, या रंगभूमीच्या अभ्यासकाने संहितेबरोबर भित्तिपत्रके व मंडळांचे करारही जमवावेत. कोणते वाक्य लेखकाने लिहिले आणि कोणते त्याच्या अन्नाने लिहविले, हे ओळखल्यावाचून दिलेला निकाल एकतर्फी ठरेल.