हवाला कुठे आहे?

मराठीवर फारसीचा प्रभाव किती, या प्रश्नावर बोलायला आपल्याकडे कोणीही तयार असते. परिसंवादात एक वक्ता सांगतो की, मराठीचा निम्मा शब्दसंग्रह अरबी-फारसीचा आहे. दुसरा सांगतो की, शिवकाळातच मराठीने फारसी झटकून टाकली. टाळ्या दोघांनाही पडतात. हे शब्द कोणत्या कागदातले, कोणत्या काळातले आणि कोणी मोजलेले, हे दोघेही सांगत नाहीत आणि श्रोतेही विचारत नाहीत. मुस्लिम मराठी लेखकाच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नाही. या आकड्यांच्या आडून त्याचे या भाषेतले स्थानच मोजले जात असते.

उर्दूत संदर्भाला ‘हवाला’ म्हणतात. वृत्तपत्रांनी हा शब्द काळ्या पैशांच्या व्यवहारात ढकलला, पण त्याचा मूळ अर्थ सोपविणे असा आहे. हवाला देणे म्हणजे आपले विधान तपासण्याचा अधिकार वाचकाच्या हाती सोपविणे. भाषेच्या अभ्यासात याची गरज अधिक आहे. भाषेचा पुरावा म्हणजे माणसाच्या तोंडचा किंवा लेखणीतला शब्द. तो कोणाचा, कुठला, कधीचा हे कळले नाही, तर विधान खरे की खोटे हे ठरवायचे कसे?

वर सांगितलेल्या वादाचे मूळ इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या एका मोजणीत सापडते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या आठव्या खंडाच्या प्रस्तावनेत त्यांनी 1628, 1677 आणि 1728 या काळातील नमुन्याच्या पत्रांतले फारसी व मराठी शब्द मोजून दाखविले. पहिल्या नमुन्यात मराठी शब्द शंभरात जेमतेम चौदा, दुसऱ्यात साठाच्या वर आणि तिसऱ्यात नव्वदीच्याही पुढे. राजवाड्यांनी वर्षे दिली, शब्दसंख्या दिली. म्हणजे त्यांची मोजणी तपासता येण्याजोगी होती. दोष नंतरच्यांचा आहे. त्यांनी टक्के तेवढे उचलले आणि मोजलेली पत्रे मागे सोडून दिली. मोजक्या राजकीय पत्रांचा आकडा बघता बघता ‘त्या काळच्या मराठीचा’ आकडा झाला.

मूळ नमुना कोणता हे लक्षात घेतले की चित्र बदलते. ही दरबारी पत्रे आहेत. दरबाराची भाषा म्हणजे घरातली, शेतातली, कीर्तनातली भाषा नव्हे. त्याच शतकात, 1645 मध्ये, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ पूर्ण केला. 1628 च्या दरबारी पत्रात फारसीची रेलचेल, आणि सतरा वर्षांनी एका मुसलमान संतकवीच्या ओवीबद्ध ग्रंथाची मराठी मात्र अगदी वेगळ्या वळणाची! मग फारसीचे प्रमाण ठरते ते कशावरून? काळावरून, लिहिणाऱ्याच्या धर्मावरून, की लेखनाच्या कामावरून? माझ्या मते कामाचा वाटा मोठा आहे. पण ‘चौदा टक्के’ एवढेच पाठ केलेल्याला हा प्रश्न सुचणारच नाही.

याच राजवाड्यांच्या बाबतीत दुसरी बाजूही मांडली पाहिजे. 1909 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची एक प्रत छापली. मराठवाड्यात मिळालेली आपली पोथी एकनाथांनी 1584 मध्ये केलेल्या शुद्धीच्याही आधीची आहे, असा त्यांचा दावा होता. त्याच आधारावर त्यांनी ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण लिहिले. त्या व्याकरणातली बुद्धिमत्ता आजही थक्क करते. परंतु ती मूळ पोथी आज अभ्यासकांना उपलब्ध नाही. कागद पाहता येत नाही, अक्षराचे वळण पाहता येत नाही. त्यामुळे त्या पोथीच्या जुनेपणाविषयी बाजूने बोलणारा आणि विरुद्ध बोलणारा, दोघेही शेवटी विश्वासावरच येऊन थांबतात. जन्मभर अस्सल कागदाचा आग्रह धरणाऱ्या संशोधकाच्या एका महत्त्वाच्या कामाची अशी अवस्था व्हावी, ही मराठी भाषाभ्यासाची मोठी हानी होय.

याउलट उदाहरणेही मराठीत आहेत. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश 1999 मध्ये आला. त्यात शब्दाच्या अर्थाबरोबर तो कोणत्या ग्रंथात किंवा शिलालेखात आला, हे दिलेले आहे. शंका आली तर मूळ स्थळ उघडून पाहावे. डॉ. यू. म. पठाण यांनी बखरींतील फारसीचे स्वरूप अभ्यासले, तेव्हा पुस्तकाच्या नावातच ‘बखरींतील’ हा शब्द ठेवला. आपला निष्कर्ष कुठवर लागू आहे, हे त्यांनी मुखपृष्ठावरच सांगून टाकले. ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीचा खंड 1905 चा. त्यातले बोलींचे नमुने जिल्ह्यांच्या नावांसह छापले आहेत. निजामाच्या हैदराबाद संस्थानात ते सर्वेक्षण झालेच नाही, हेही ठाऊक असावे. म्हणजे मराठवाड्याच्या बोलीविषयी ‘ग्रिअर्सन म्हणतो’ असे कोणी म्हणाले, तर सावध व्हावे.

जगातही आता ही जाणीव वाढली आहे. भाषेची सामग्री हाही संशोधनाचाच भाग मानावा, ती जपावी, तिचा नीट निर्देश करावा आणि देणाऱ्याला श्रेय द्यावे, अशी तत्त्वे भाषाशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये ऑस्टिन शहराच्या नावाने मांडली. आपल्याकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे सर्वेक्षण करून ध्वनिमुद्रित नमुने खुले केले आहेत. आता बोलीविषयीचे विधान कानाने तपासता येते.

मुसलमान वाचकाला हे सारे परके वाटू नये. हदीसच्या अभ्यासात मजकुराच्या आधी सनद पाहतात. कोणी कोणाकडून ऐकले, सांगणारा भरवशाचा आहे का, साखळी मध्येच तुटते का? इतकी काटेकोर परंपरा ज्या समाजाला माहीत आहे, त्याने भाषेविषयी बोलताना ऐकीव टक्केवारीवर समाधान मानावे, हे शोभत नाही. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयी 1933 मध्ये उर्दूत पुस्तक लिहिले. आपण त्याचे नाव अभिमानाने घेतो, पण त्यातले पान सांगून वाद घालणारे किती?

शिवाय आपले स्वतःचे बोलणे नोंदवायचे काम पडून आहे. नागपुरात मोमिनपुऱ्यातले, कामठीतले, वऱ्हाडातल्या खेड्यातले मुसलमान एकच भाषा एकाच तऱ्हेने बोलत नाहीत. वर्गात उर्दू वाचणारी मुले घरी निराळी हिंदुस्थानी बोलतात आणि बाजारात अस्खलित नागपुरी मराठी. जनगणनेच्या मातृभाषेच्या रकान्यात मात्र एकच नाव मावते. हे बोलणे टिपायला मोठी संस्था लागत नाही. आजीची एखादी कहाणी मोबाइलवर तिच्या परवानगीने मुद्रित करावी. गाव, वय, तारीख, कोणी विचारले हे सोबत लिहावे आणि मूळ ध्वनी जपून ठेवावा. उद्या कोणी आपल्या भाषेविषयी काही ठोकून दिले, तर वाद घालत बसण्याची गरज उरणार नाही. पुरावा पुढे ठेवता येईल, आणि तो आपल्याविरुद्ध गेला तरी मान्य करता येईल.